शिक्षा: दिल्लीत एक, गल्लीत दुसरी

दिल्लीच्या मनुष्यबळ विकास खात्याचे नाव 2020मध्ये ‘शिक्षा मंत्रालय’ झाले. मराठीत ते ‘शिक्षण मंत्रालय’च लिहावे लागते, नाहीतर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे थेट तुरुंगच यायचा! संस्कृतात ‘शिक्ष्’ म्हणजे शिकणे. मुळात ‘शक्’ धातूचे इच्छार्थी रूप, म्हणजे जमावे असे वाटणे. सहा वेदांगांतले ‘शिक्षा’ तर निव्वळ उच्चारशास्त्र. हिंदीने शिकण्याचा अर्थ जपला. मराठी, कन्नड, तेलुगू, मल्याळममध्ये मात्र उरला दंड. शिकवण्याला छडीची जोड असे, त्यातून अर्थ सरकला असावा. इंडोनेशियात पोचलेला ‘सिक्सा’ आणखी पुढे गेला: तिथे तो छळ. आपले ‘शिकणे’ याच कुळातले, पण प्राकृत ‘सिक्ख’वरून आल्याने छडीतून सुटले.