पानावर चित्र सरकतं कसं?

कामशेत किंवा लोणावळा स्टेशनवर लोकलची वाट बघताना फलाटावरची पाटी तुम्ही पाहिली असेल. लाल अक्षरं उजवीकडून डावीकडे पळत असतात. पण पाटीच्या आत काहीच पळत नाही. बारीक दिवे जागच्या जागी असतात. एक विझतो, शेजारचा लागतो आणि डोळ्याला वाटतं, अक्षर पुढं गेलं. मोबाइलच्या पडद्यावर चित्र सरकतं ते असंच.

डोळ्याची ही गंमत ज्यांनी मोठ्या पडद्यावर आणली, ते दादासाहेब फाळके काही काळ आपल्या लोणावळ्यात छपाईचं काम करत होते. १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोपाचं एकेक चित्र दिवसांमागून दिवस टिपलं. ती चित्रं भराभर दाखवली, तर रोप डोळ्यांदेखत वाढतंय असं दिसलं. ते दाखवून भांडवल मिळालं आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला. त्यासाठी सरस्वतीबाईंनी दागिने गहाण टाकले, फिल्म धुण्याचं काम केलं. शाळेत त्यांचं नाव मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता आमच्या गटाचं. इंद्रायणी तांदूळ विकायला आम्ही इंटरनेटवर एक पान केलं. कॉलेजात जाणाऱ्या भाचीनं ते एचटीएमएलमध्ये लिहून दिलं. एचटीएमएल म्हणजे कुठं काय दिसावं याच्या सूचना. प्रत्येक सूचना टोकदार कंसात लिहायची, तिला टॅग म्हणतात. चित्र सरकवणारा टॅग 'मार्की'. स्पेलिंग लिहून घ्या: एम, ए, आर, क्यू, यू, ई, ई. हा टॅग उघडायचा, आत फोटोचा टॅग ठेवायचा, मग तिरकी रेघ देऊन मार्की बंद करायचा. बास, फोटो डावीकडे चालू लागतो. वेग सांगितला नाही तर तो सेकंदाला साधारण बारा वेळा, दर वेळी सहा ठिपके सरकतो. 'डिरेक्शन' लिहून दिशा बदलते, 'स्क्रोलअमाउंट' लिहून वेग.

आम्ही हरखलो आणि फोन नंबरही त्याच पट्टीत टाकला. भात झोडून झालेला, पोती घरात, आणि फोन येईना! शेवटी पुण्याची एक गिऱ्हाईक बाई भेटली तेव्हा म्हणाली, "ताई, नंबर लिहून घेईपर्यंत निघून जातो हो." संगणकावर माउस नेला की पट्टी थांबेल अशी सोय करता येते, पण मोबाइलला माउस कुठला?

दुसरी चूक फोटोंची. मोबाइलवर काढलेले जड फोटो तसेच चढवले होते. आंदर मावळात रेंज आधीच कमी, त्यामुळे तिथं नुसती रिकामी चौकट सरकायची. फोटो लहान करूनच चढवा.

आणखी एक. मार्की नव्वदच्या दशकातला. आता तो नियमांतून बाद झालाय. ब्राउझर अजून चालवतात, पण उद्याचा भरवसा नाही. नवीन पान करणार असाल तर मुलींना 'सीएसएस'नं करायला सांगा.

आमचा नंबर आता पानाच्या वरच जाड अक्षरांत स्थिर आहे, दाबला की थेट फोन लागतो. फोटोंची पट्टी खाली ठेवलीय, वेग दोनवर. भाची म्हणते, तीही काढा. मी अजून ऐकलेलं नाही.