उणे तीसला सायनाइड झिरपतं कसं?

‘तिकडे निम्मं वर्ष सगळं गोठलेलं. म्हणजे हीप लीचिंग फक्त उन्हाळ्यात, हिवाळ्यात नुसता बर्फाचा डोंगर!’ अलास्का किंवा युकॉनमधल्या सोन्याच्या खाणींचा विषय निघाला की हे हमखास ऐकावं लागतं, तेही विज्ञान शिकलेल्यांकडून. पाणी शून्याला गोठतं हे सगळ्यांना पाठ असतं. ते पाणी आहे कुठे, हे कोणी विचारत नाही.

आधी पद्धत पाहू. टनामागे अर्धा ग्रॅमही सोनं नसलेला खडक गिरणीत बारीक दळणं परवडत नाही. तो जलरोधक अस्तरावर थरावर थर रचतात आणि ठिबकच्या नळ्यांतून त्यात सोडियम सायनाइडचं अगदी पातळ द्रावण सोडतात. झिरपता झिरपता ते सोनं विरघळवून घेतं. तळाशी जमा झालेलं द्रावण कोळशाच्या टाक्यांतून फिरवलं की सोनं कोळशाला धरून राहतं आणि द्रावण पुन्हा वर जातं.

फेअरबँक्सजवळच्या फोर्ट नॉक्स खाणीत हे २००९ पासून चालू आहे, हिवाळ्यासकट. जानेवारीत तिथे उणे तीसचं कोणाला अप्रूप नाही. यात जादू काहीच नाही. थंड प्रदेशांत नळ्या खडकाखाली पुरतात, गरजेप्रमाणे द्रावण कोमट करतात आणि ते रात्रंदिवस वाहतं ठेवतात. वर पडलेला बर्फ तर गोधडीचं काम करतो. शिवाय फोर्ट नॉक्सचा ढीग दरीत रचलेला आहे, त्यामुळे द्रावणाचा साठा उघड्या तळ्यात न राहता खडकाच्या फटींतच राहतो. वरचा पापुद्रा दगडासारखा गोठला तरी आतलं काम सुरूच असतं.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला: ‘पण थंडीत रसायन मंदावतं ना?’ मंदावतं, मान्य. पण सोनं विरघळायला सायनाइडइतकाच ऑक्सिजनही लागतो, आणि तो गार पाण्यात जास्त मावतो: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम, तर शून्याजवळ १४ च्या वर. शिवाय बराचसा वेळ द्रावण दगडाच्या तुकड्यात शिरून बाहेर येण्यात जातो. सोनं उशिरा हाती येतं, बुडत नाही.

हिवाळ्याची खरी डोकेदुखी आहे रचाईत. उणे तीसला रचलेला खडक स्वतःच इतका गार असतो की द्रावण त्याला लागताच गोठतं. आत बर्फाचे अडसर तयार होतात, त्यावर नवा थर चढला की ते लवकर वितळत नाहीत आणि द्रावण वाट चुकवून भलतीकडून वाहतं. म्हणून युकॉनमधल्या ईगल खाणीच्या मूळ आराखड्यात कडाक्याचे तीन महिने रचाई बंद ठेवायची होती. झिरपवणं नव्हे, रचाई! हा फरक कितीदा सांगायचा?

ईगलचं नाव निघालंच आहे, तर तिथला ढीग ‘थंडीमुळे कोसळला’ हेही खोडायला हवं. तो कोसळला २४ जून २०२४ रोजी, ऐन उन्हाळ्यात. २०२५ च्या स्वतंत्र चौकशी अहवालाचा रोख ढिगाचा उतार आणि आत चढलेली पाण्याची पातळी यांवर आहे.

‘गारठ्यात सायनाइड निरुपद्रवी होतं’ हे तर साफ उलटं. ऊन, हवा आणि जिवाणू त्याचं विघटन करतात. बर्फाखाली हे सगळंच थंडावतं. आणि ढिगातून विषारी वाफा उठत असतात म्हणावं, तर वायू सुटू नये म्हणूनच द्रावणाचा सामू चुन्याने दहाच्या वर ठेवतात.

बर्फाची भीती बाळगायचीच असेल तर तो वितळतानाची बाळगावी. हिवाळाभर साठलेला बर्फ काही आठवड्यांत पाणी होऊन ढिगात उतरतो. कोलोरॅडोतली समिटव्हिल खाण सुमारे ३,५०० मीटर उंचीवर होती. तिथलं अस्तर हिवाळ्यात घातलेलं, ते गळू लागलं. वितळणाऱ्या बर्फाचं पाणीही आवरेना. डिसेंबर १९९२ मध्ये कंपनीने दिवाळं काढलं आणि सरकारच्या पर्यावरण संस्थेला तिथे ठाण मांडावं लागलं. ‘तिथले मासे सायनाइडनेच मेले’ असं अजून छापून येतं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाच्या अभ्यासांनी अलामोसा नदीच्या हानीसाठी मुख्यतः बोट दाखवलं ते खोदकामातून निघालेल्या आम्लयुक्त, तांबं विरघळलेल्या पाण्याकडे.