विश्वासाचे भांडवल

बंगळूर शहराच्या आग्नेय भागात एचएसआर लेआउट नावाची वसाहत आहे. होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांच्या नावांतून तिचे नाव बनले. नव्या कंपन्या काढणाऱ्या तरुणांची वस्ती म्हणून आज तिची ख्याती आहे. धंद्याला काय लागते, असे तेथील एखाद्या तरुणास विचारले, तर तो बहुधा म्हणेल, ‘कल्पना आणि भांडवल.’ हे उत्तर चुकीचे नाही. परंतु अपुरे आहे. ते अपुरे का, हे आज त्याच राज्यात असलेल्या बेळगावात एका मराठी उद्योजकाने शतकापूर्वी अनुभवले. त्यांचे नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण काही रंग त्यांना नीट ओळखता येत नसल्याने ती वाट सोडावी लागली. मग ते यंत्रांची रेखाचित्रे काढण्यास शिकले आणि मुंबईतच शिक्षकाची नोकरी करू लागले. ते मुंबईहून सायकली पाठवीत व बंधू रामूअण्णा बेळगावात त्या विकीत. बढती डावलली गेली तेव्हा त्यांनी नोकरी सोडून बेळगाव गाठले. तेथे कडबा कापण्याचे यंत्र आणि पाठोपाठ लोखंडी नांगर तयार झाला.

नांगर उत्तम होता. लाकडी नांगराहून तो खोल जाई. तरीही गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिली विक्री होण्यास सुमारे दोन वर्षे गेली. या शेतकऱ्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. पण जमीन बिघडली तर नुकसान कोणाचे होणार होते? नांगर करणाराचे नव्हे, नांगरणाराचे. वस्तू चांगली आहे हे कर्त्याला ठाऊक असते. गिऱ्हाइकाला ते पटण्यास स्वतंत्र काळ लागतो. हा विलंब म्हणजे अपयश नव्हे. तोही धंद्याचाच एक खर्च आहे.

पुढे नव्या वस्तीच्या योजनेसाठी बेळगावच्या नगरपालिकेने त्यांना कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. त्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ आणि आर्थिक साह्य दिले. १० मार्च १९१० रोजी तेथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. ते साह्य केवळ नांगराकडे पाहून मिळाले नसणार. माणूस ओळखीचा आणि पारखलेला होता.

विश्वास मिळवणाऱ्याने तो द्यावाही लागतो. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी वाडीच्या राखणीचे काम दिले. ज्याला चोर ठरवून समाजाने दूर लोटले, त्याच्याच हाती रात्रीचा पहारा! यात दया होती, तसा व्यवहारही होता; कारण विश्वास टाकलेला माणूस सहसा तो जपतो.

लक्ष्मणराव १९५६ साली वारले. त्यापूर्वीच, १९४६ साली, त्यांचे पुत्र रवि किर्लोस्कर यांनी बंगळुरात विजेची यंत्रे बनविणारी कंपनी स्थापन केली होती. कल्पना सुचते, भांडवल कर्जाऊ मिळते. विश्वास मात्र कोणाकडून उसना आणता येत नाही. तो ज्याचा त्याने, दिवसामागून दिवस घालवून, कमवावा लागतो. नव्या उद्योजकाने आपल्या हिशेबात त्या दिवसांचीही तरतूद करून ठेवावी.