भूकंपाचा नकाशा आणि त्यांतील मोकळी जागा

जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांत धरणें कमी नाहींत. माणिकडोह, येडगांव, वडज, पिंपळगांव जोगे आणि घोड नदीवरील डिंभे. कोयनेचें नांव निघालें कीं, येथील पाण्याखालची जमीनहि तशीच हलेल काय, हा प्रश्न मनांत येणें साहजिक आहे. ता. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहांटे कोयना धरणाजवळ ६.३ रिश्टर अंकाचा भूकंप होऊन सुमारें १८० माणसें दगावलीं. जलाशय भरूं लागल्यानंतर तेथें लहान धक्के जाणवूं लागलेच होते. जुन्नरपासून तें स्थळ दक्षिणेस सुमारें २०० किलोमीटर आहे. अशा प्रश्नाचा विचार नकाशावांचून करूं नये. आणि तसा नकाशा आज घरच्या संगणकावर, पैसा न वेंचतां, काढतां येतो.

त्यासाठीं ‘जेनेरिक मॅपिंग टूल्स’ नांवाची आज्ञावली आहे. पॉल वेसेल व वॉल्टर स्मिथ यांनीं १९८८ सालीं अमेरिकेंत तिचा आरंभ केला. तिच्यांत चित्रावर बोट ठेवून निवड करावयाची नसते. एकेक ओळ आज्ञा लिहावी लागते. हें प्रथम जड वाटतें. परंतु लिहिलेली आज्ञा जपून ठेवतां येते, आणि पुढील वर्षीं नवे धक्के नोंदले गेले म्हणजे तीच ओळ पुन्हां चालवून नवा नकाशा निघतो.

आरंभीं चतुःसीमा सांगावयाची: रेखांश ७२ ते ७८, अक्षांश १६ ते २१. मग प्रक्षेप, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरविण्याची रीत. मर्केटरची रीत येथें पुरते. मग किनारा, नद्या, आणि शेवटीं भूकंपांची यादी. नवखा फसतो तो येथें. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणाच्या यादींत अक्षांश आधीं असतो. आज्ञावलीस रेखांश आधीं हवा. क्रम न बदलल्यास जुन्नर थेट नॉर्वेच्या उत्तरेस, बेअर बेटाच्या दक्षिणेकडील थंड समुद्रांत जाऊन पडतें! चतुःसीमा महाराष्ट्राची असल्यानें कागदावर एकहि ठिपका उमटत नाहीं, आणि पाहणारा समजतो कीं येथें भूकंपच झाले नाहींत. उपाय सोपा आहे: आज्ञेंत उणेचिन्हापुढें विसर्गासारखीं दोन टिंबें दिलीं कीं क्रम उलटतो.

प्रत्येक धक्क्याचें वर्तुळ रिश्टर अंकाप्रमाणें लहानमोठें व खोलीप्रमाणें रंगीत करतात. अंक एकानें वाढला कीं बाहेर पडणारी शक्ति सुमारें ३२ पट होते. म्हणून ६ चें वर्तुळ ३ च्या केवळ दुप्पट काढणें ही डोळ्यांची फसवणूकच होय, कारण शक्तींतील अंतर सुमारें ३२ हजार पटींचें आहे. खोलीविषयींहि सावध असावें. यादींत वारंवार आढळणारा १० किलोमीटरचा आंकडा पुष्कळदां मोजलेला नसून गृहीत धरलेला असतो.

नकाशांत कोयना-वारणेच्या परिसरीं ठिपक्यांची दाटी होते. नोव्हेंबर १९१८ च्या नव्हे, २०१८ च्या नोव्हेंबरापासून पालघरकडे बसलेल्या धक्क्यांचाहि पुंजका दिसतो. जुन्नर-आंबेगांवाकडे त्यामानानें मोकळी जागा राहते. पण या मोकळेपणाचा अर्थ काय? किल्लारीचा प्रदेश अत्यल्प धोक्याच्या पट्ट्यांत गणला जात असे. ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं तेथें सुमारें दहा हजार माणसें मेलीं. जागा मोकळी दिसते ती धक्के न बसल्यामुळें, किंवा टिपणारें यंत्र जवळ नसल्यामुळें. लहान धक्का जवळच्या यंत्रासच कळतो, आणि कोयनेभोंवतीं यंत्रें पुष्कळ आहेत. यासाठीं जाणता मनुष्य त्याच नकाशावर भूकंपमापक यंत्रांच्या जागा त्रिकोणांनीं दाखवितो. ठिपके व त्रिकोण शेजारीं आले म्हणजे कोणती जागा खरोखर शांत आणि कोणती केवळ न पाहिलेली, याचा अंदाज येतो.

आंबेगांवांतील माळीण मात्र या नकाशांत शोधूं नये. ता. ३० जुलै २०१४ रोजीं तेथें १५० हून अधिक माणसें गाडलीं गेलीं तीं अतिवृष्टीनें कोसळलेल्या डोंगराखालीं. त्यासाठीं पाऊस व उतार यांचा निराळा नकाशा हवा. तोहि याच आज्ञावलीनें निघतो.