धक्का देण्याआधी
लेखमाला : खारा वारा, जुनी गाडी – भाग ४

गणपती जवळ आले की अलिबागपासून मुरूडपर्यंतच्या वाड्यांमध्ये ताडपत्र्या निघतात. पावसाळ्याआधी झाकून ठेवलेली पद्मिनी किंवा ॲम्बॅसडर उजेडात येते, बॅटरी चार्ज करून बसवली जाते, किल्ली फिरते. सेल्फ घरघरतो, पण इंजिन दाद देत नाही. सात-आठ वेळा सेल्फ मारला की बॅटरी मान टाकते आणि मग शेजारपाजारची मंडळी धक्का द्यायला गाडीच्या मागे उभी राहतात. मांडव्याची रो-रो ज्या भाऊच्या धक्क्यावरून सुटते तो धक्का उपयोगाचा. हा मात्र बहुतेक वेळा गाडीचं नुकसान करतो. चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीचा दोष सहसा इंजिनात नसतोच. तो टाकीत, कार्बोरेटरमध्ये आणि डिस्ट्रिब्युटरच्या कॅपखाली साठलेला असतो. इंजिन फिरवून तो जात नाही. आधी दोष काढावा आणि मगच किल्लीला हात लावावा.

गाडी सुरू न होण्याची चर्चा परदेशी पुस्तकांत थंडीपासून सुरू होते : तेल घट्ट होतं, बॅटरी गारठते वगैरे. आपल्या किनाऱ्यावर ते लागू नाही. इथे भाद्रपदातली पहाटही उबदार असते, म्हणजे खरं तर इंजिनाला सबबच नाही. तरी ते का अडतं, हे पाहायला कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली पद्मिनी घेऊ. तिच्या १०८९ सीसी इंजिनावर पेट्रोलचा पंप यांत्रिक आहे. कॅमशाफ्ट फिरेल तेव्हाच त्याचा डायफ्रॅम हलतो. उभ्या गाडीत कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल काही आठवड्यांत उडून जातं आणि जेटमध्ये चिकट थर उरतो. टाकीतल्या पेट्रोलचीही तीच गत, फक्त सावकाश. पेट्रोल हा एक पदार्थ नव्हे, हलक्या-जड घटकांचं ते मिश्रण आहे. हलके घटक आधी उडतात आणि थंड इंजिनात पहिल्या ठिणगीला पेट घ्यायला नेमके तेच लागतात. मागे उरतं ते जळतं, पण सहज पेटत नाही. ‘वास तर पेट्रोलचाच येतोय’ हा पुरावा म्हणूनच कच्चा. थोडं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवावं. रंग गडद झाला असेल, वार्निशसारखा वास येत असेल किंवा तळाशी वेगळा थर दिसत असेल, तर ते पेट्रोल त्या इंजिनात जाता कामा नये.

इथे कुणी म्हणेल, हा सगळा इथेनॉलचा प्रताप. अर्धंच खरं आहे. पेट्रोल शिळं होणं आणि जेट तुंबणं इथेनॉलच्या आधीही होतंच. पण इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ओलीला तोटा नाही. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलला सोबत घेऊन तळाशी बसतं. टाकीतली नळी पेट्रोल ओढते तेही तळाजवळूनच. शिवाय इथेनॉल जुना चिकटा सोडवून पुढे ढकलतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. पंपाचा डायफ्रॅम फाटला असेल तर पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं. म्हणून डिपस्टिक काढून तिचा वास घ्यावा. पेट्रोलचा दर्प आला तर तेल बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये. आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडे आहे, त्याच्याशी भांडून काही होणार नाही. गाडी ठेवताना टाकी रिकामी करणं आणि इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या व डायफ्रॅम बसवणं आपल्या हातात आहे.

आता ठिणगी. डिस्ट्रिब्युटरमध्ये कॉइलचा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पॉइंटांवर चार महिन्यांत पातळसा गंज चढतो. डोळ्यांना दिसत नाही, पण बारा व्होल्टला अडवायला पुरतो. खाऱ्या वाऱ्याने कॅपच्या आत मिठाचा लेप बसतो. मीठ स्वतःच ओल धरतं, म्हणून ऊन पडलं तरी तो लेप कोरडा होत नाही आणि प्लगकडे जाणारा उच्च विद्युतदाब त्यावरूनच सरकून निसटतो. त्यात आपण सेल्फ मारत राहतो. सेल्फ फिरत असताना बॅटरीचा दाब पडतो. तो बारावरून नऊवर आला तर कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा पाऊणपट होत नाही, वर्गाच्या हिशोबाने जवळजवळ निम्मी होते. म्हणजे पेट्रोल पेटायला सर्वांत नाखूश असतं तेव्हाच ठिणगी सर्वांत दुबळी असते. धक्क्याने गाडी कधी कधी सुरू होते ती याचमुळे : सेल्फचा भार नसतो, दाब टिकतो, ठिणगी बरी पडते. यश खरं असतं, पण निदान चुकतं. बॅटरी बदलली जाते, आणि शिळं पेट्रोल व खारट कॅप जागच्या जागी राहतात. शिवाय सिलिंडरच्या भिंतींवरचं तेल चार महिन्यांत निथळलेलं असतं. धक्क्याने पिस्टन त्या कोरड्या भिंतींवर एकदम वेगाने घासला जातो.

कोळी बांधव पावसाळ्यात ओढून ठेवलेली होडी तशीच पाण्यात लोटत नाहीत. डागडुजी, तेलपाणी, इंजिनाची पाहणी आधी होते. गाडीलाही तोच न्याय लावावा. बॅटरीची तार काढून, मोकळ्या हवेत, विडी-काडी लांब ठेवून टाकी उपसावी. कार्बोरेटर उघडून जेट हवेने साफ करावेत; तार घालून भोक मोठं करू नये, हा मोह फार जणांना होतो. पॉइंट बारीक पॉलिशपेपरने पुसून फट मापावी; ती अर्ध्या मिलिमीटरहून कमीच असते, तेव्हा अंदाजपंचे चालत नाही. कॅप, रोटर, तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडावं, आणि हँडलने किंवा टॉप गिअरमध्ये गाडी हळूहळू ढकलून इंजिन मोकळं फिरतंय याची खात्री करावी. धक्क्याचं हे एवढंच रास्त स्थान. मग फ्लोट चेंबरमध्ये ताजं पेट्रोल भरावं. कार्बोरेटरच्या तोंडात ओतण्याची पद्धत आहे, पण भडका उडाला तर बॉनेटवर वाकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर येतो.

‘एवढं सगळं कशाला, दर आठवड्याला पाच मिनिटं चालू केली की झालं’, हा शेवटचा आक्षेप. पाच मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही. जळताना तयार झालेलं पाणी तेलात आणि सायलेन्सरमध्ये साठतं, बॅटरीतून गेलेली वीज परत भरत नाही. चालवायचीच असेल तर अर्धा तास रस्त्यावर चालवावी, नाहीतर नीट झाकून ठेवावी.

ही कामं झाल्यावर गाडी सुरू झाली तरी अजून फाटकाबाहेर काढू नका. ब्रेक ऑइलही ओल ओढतं, आणि चार महिने न हललेली व्हील सिलिंडरं अडकलेली असू शकतात. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.