बाकदार कणा आणि खेळणारे मूल

वाढीच्या वयात पाठीचा कणा एका बाजूला झुकून थोडा पिळलाही जातो, तेव्हा त्या विकाराला स्कोलिओसिस म्हणतात. क्ष-किरण चित्रावर मोजलेला हा बाक, म्हणजेच कॉब कोन, किमान 10 अंश असल्यासच निदान निश्चित होते. सुमारे 2 ते 3 टक्के किशोरवयीनांत तो आढळतो, बहुतेकांत त्याचे कारण सापडत नाही, आणि जड दप्तर किंवा बसण्याची सवय हे त्याचे कारण मानले जात नाही, म्हणून पालकांनी स्वतःला वा मुलाला दोष देऊ नये.

करमाळ्यासारख्या तालुक्याच्या गावात पहिली शंका घरात किंवा शाळेत यावी लागते. गुडघे न वाकवता मूल पुढे वाकले असता पाठीची एक बाजू उंच दिसली, तर उपजिल्हा रुग्णालयात दाखवावे आणि गरजेनुसार सोलापूरच्या शासकीय रुग्णालयातील अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. 2013 पासून राबवल्या जाणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या शाळा तपासणीतही ही शंका बोलून दाखवता येते. बाक साधारण 25 ते 40 अंशांचा असून वाढ शिल्लक असेल, तर कण्याला आधार देणारा पट्टा (ब्रेस) सुचवला जातो. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पट्टा वापरणाऱ्या 72 टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या टप्प्यापर्यंत वाढला नाही, तर केवळ देखरेखीखालील मुलांत हे प्रमाण 48 टक्के होते.

या निदानामुळे सहसा खेळ बंद करावा लागत नाही. 2009 मध्ये 100 मीटर अंतर 9.58 सेकंदांत धावणाऱ्या उसेन बोल्टलाही स्कोलिओसिस आहे. मात्र खेळताना झालेली दुखापत लवकर बरी होत नसेल, तर सगळा दोष कण्यावर न टाकता अपुरी झोप, कमी आहार, ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि घाईने मैदानात परतणे ही कारणेही तपासावीत. भाकरीबरोबर डाळ, उसळ, दूध वा अंडी रोज मिळावीत, आणि वेदनेशिवाय चालणे, मग धावणे, मग वळणे व उडी जमल्यावरच स्पर्धेचा विचार व्हावा. पायांत बधिरपणा, अशक्तपणा किंवा रात्री जागवणारी वेदना असल्यास मात्र विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे.

बरे होण्याच्या लांबलेल्या काळात मुलाला संघापासून तोडू नये. गुणलेखन, पंचांना मदत किंवा धाकट्यांना शिकवणे अशी कामे देऊन प्रशिक्षकाने त्याचे स्थान राखावे, कारण आपण अजून खेळाडूच आहोत हा विश्वास टिकला, तरच ते मूल पट्टा, व्यायाम आणि विश्रांती यांची शिस्त मनापासून पाळते.