आधी आटगावचा फोन

‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’ हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं केलेला व्हिडिओ गेम १८ ऑगस्ट २०२० रोजी प्रथम बाजारात आला, तो निन्टेन्डो स्विच या हातात धरून खेळायच्या यंत्रावर. कॉम्प्युटर, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर यायला त्याला ऑक्टोबर उजाडला. हा क्रम रूढ पद्धतीच्या उलटा आहे. एरवी गेम आधी बलदंड यंत्रासाठी रचतात आणि विक्री बरी झाली तर वर्ष-दोन वर्षांनी कुणा बाहेरच्या स्टुडिओला बोलावून त्याला छोट्या यंत्रात बसवून घेतात. या कामाला धंद्यात पोर्टिंग म्हणतात. ‘राजी’च्या बाबतीत आणखी एक विसंगती होती. निन्टेन्डोची भारतात अधिकृत विक्रीच नव्हती. स्विच हवा असेल तर आयात माल विकणाऱ्या दुकानदाराकडून तो सांगेल त्या भावानं घ्यायचा. म्हणजे पुण्यात घडलेली, दुर्गा आणि विष्णूच्या साक्षीनं चालणारी गोष्ट अशा यंत्रावर अवतरली की जे पुण्याच्या माणसाला रीतसर मिळत नव्हतं. मग पुण्याहून कल्याणमार्गे कसाऱ्याच्या दिशेनं निघालं आणि आसनगावनंतरच्या आटगावला उतरलं, तर तिथल्या खेळाडूचं काय? शहापूर-मुरबाड पट्ट्यात हातातलं कन्सोल म्हणजे फोन. तोही बहुधा स्वस्तातला, कधी मोठ्या भावानं वापरून खाली दिलेला. दुबळ्या यंत्रासाठी गेम बसवणं ही शेवटच्या महिन्यात उरकायची हमाली नसून गेमच्या रचनेचाच निर्णय आहे, आणि आपल्या स्टुडिओंनी तो आटगावचा फोन समोर ठेवून पहिल्या दिवशी घ्यायला हवा, असं माझं म्हणणं आहे.

दुबळं म्हणजे किती दुबळं, हे आधी आकड्यांत पाहू. प्लेस्टेशन ४ मध्ये ८ जीबी मेमरी आहे, २०१७ च्या स्विचमध्ये ४. पण खरी कोंडी होते ती मेमरीतून माहिती ओढण्याच्या वेगात. तिकडे सेकंदाला १७६ जीबी, इकडे २५.६. प्लेस्टेशन भिंतीतून वीज घेतं, पंखा लावून गरम हवा बाहेर टाकतं. स्विच हातात असतो तेव्हा बॅटरी पुरावी म्हणून ग्राफिक्स चिपचा वेग मुद्दाम निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली ठेवलेला असतो. वेळेचा हिशेब तर त्याहून कडक. सेकंदाला ३० चित्रं दाखवायची तर एका चित्राच्या वाट्याला ३३.३ मिलिसेकंद येतात. ६० दाखवायची तर १६.७. तेवढ्या अवधीत शत्रूनं काय करायचं ते ठरवायचं, हातापायांच्या हालचाली मोजायच्या, कोण कुणाला आदळलं ते तपासायचं, आवाज जुळवायचा आणि मग चित्र काढायचं. यातलं एखादं काम लांबलं की चित्र अडखळतं. आपली पोरं त्याला ‘लॅग’ म्हणून मोकळी होतात, पण तो चित्र काढण्यात झाला, हिशेबात झाला की नेटवर्कमध्ये, हे शोधण्यातच पोर्ट करणाऱ्याचे महिने जातात. चित्र काढायला उशीर होत असेल तर उपाय सोपा असतो: १९२० × १०८० ऐवजी ९६० × ५४० ठिपक्यांचं चित्र काढा, काम बरोबर चौथाई होतं. उशीर हिशेबात होत असेल तर ठिपके कितीही कमी करा, ढिम्म फरक पडत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. मुरबाडकडचं आवणीनंतरचं भाताचं खाचर गेममध्ये दाखवायचं आहे. प्रत्येक रोप त्रिमितीय घडवलं तर कोणतंही यंत्र गुडघे टेकेल, म्हणून एका पातळ चौकोनावर रोपांच्या झुबक्याचं चित्र चिकटवतात आणि मधली मोकळी जागा पारदर्शक ठेवतात. असे हजारो चौकोन एकामागे एक उभे केले की शेत दिसतं. मात्र खेळाडू बांधावर उभा राहून आडवं पाहतो तेव्हा पडद्यावरच्या एकाच ठिपक्यावर दहा-बारा चौकोन एकावर एक येतात. चिपला तो एक ठिपका दहा-बारा वेळा तपासावा लागतो आणि प्रत्येक वेळी मेमरीचे हेलपाटे पडतात. सेकंदाला २५.६ जीबीची मर्यादा नेमकी इथे आडवी येते. अशा वेळी कुणी झुबके विरळ करतं, कुणी दूरच्या रोपांऐवजी जमिनीवर नुसता हिरवा पोत, म्हणजे पृष्ठभागावर चिकटवायचं चित्र, घालतं, तर कुणी कॅमेरा उंच उचलून शेत वरून दाखवतं. पहिल्या दोन वाटांनी शेत थोडं गरीब होतं. तिसऱ्या वाटेनं ते गरीब न होता वेगळं दिसतं, आणि चौकोन एकामागे एक न येता शेजारी शेजारी पसरतात, म्हणून कामही हलकं होतं. पण पहिल्या दोन वाटा पोर्ट करणारा नंतर घेऊ शकतो. तिसरी फक्त मूळ रचनाकारालाच घेता येते, तीही सुरुवातीला.

‘द विचर ३’ ऑक्टोबर २०१९ मध्ये स्विचवर आला तेव्हा सेबर इंटरॅक्टिव्ह या स्टुडिओनं पहिल्या दोन वाटांची कमाल करून दाखवली. झाडोरा विरळ केला, सावल्या साध्या केल्या, हातात धरल्यावर चित्र ५४० रेषांच्या आसपास उतरवलं आणि विस्तारकथांसह अख्खा गेम ३२ जीबीच्या कार्डात बसवला. २०१७ मध्ये पॅनिक बटन या टेक्सासच्या स्टुडिओनं ‘डूम’ स्विचवर आणताना सेकंदाची ६० चित्रं ३० वर आणली, आणि तरीही गोळीबाराची लय टिकली. या कामगिरीला दाद द्यायलाच हवी. पण ही दुसऱ्यानं शिवलेला अंगरखा उसवून लहान मापाचा करण्याची कामं होती.

‘राजी’ची गोष्ट निराळी आहे. तो खेळलेल्यांना आठवेल की त्यात कॅमेरा खेळाडूच्या ताब्यात नसतो. तो ठरलेल्या कोनातून, बऱ्याच वेळा दूरवरून पाहतो आणि राजी त्या भव्य वास्तूंत मुंगीएवढी दिसते. मधले कथाभाग बाहुल्यांच्या सावल्यांच्या खेळासारखे आहेत, आणि एकूण चित्रशैलीवर पहाडी लघुचित्रांची छाया आहे. हे निर्णय सौंदर्याचे म्हणून घेतले असतील, पण त्यांची तांत्रिक कमाई मोठी आहे. कॅमेरा कुठे जाणार हे माहीत असलं की भिंतीची मागची बाजू काढावीच लागत नाही, आणि कोणती भिंत कधीच जवळून दिसणार नाही हेही आधी कळतं. त्याचा फायदा एका पोतावर मोजून दाखवता येतो. २०४८ × २०४८ ठिपक्यांचा दगडी नक्षीचा पोत दाबून लहान केला नाही तर १६ एमबी खातो. स्विचपासून फोनपर्यंत चालणाऱ्या एएसटीसी या पद्धतीत चित्राचे चौकोनी तुकडे पाडतात आणि तुकडा कितीही मोठा असो, त्याला १६ बाइटच देतात. तुकडा ४ × ४ चा घेतला तर तोच पोत ४ एमबीत बसतो, ८ × ८ चा घेतला तर १ एमबीत. दुसऱ्यात नक्षीच्या कडा थोड्या विरघळतात. ती भिंत कायम वीस पावलांवरच राहणार असेल तर ते विरघळणं कुणाला दिसणार? एका भिंतीमागे ३ एमबी वाचले, अशा शेकडो भिंती. कॅमेरा मोकाट असता तर यातला एकही सौदा बिनधास्त करता आला नसता.

हे शहाणपण नवं नाही. निन्टेन्डोचाच हातात धरायचा १९८९ चा गेम बॉय चार छटांचा, १६० × १४४ ठिपक्यांचा होता. सेगाचा गेम गिअर रंगीत आणि उजळ होता, पण सहा सेल काही तासांत रिकामे करायचा. गेम बॉय चार सेलांवर त्याच्या कितीतरी पट चालायचा, आणि बाजारही त्यानंच मारला. त्याचा रचनाकार गुनपेई योकोई स्वस्त झालेलं, सर्वांच्या हाताखालून गेलेलं तंत्र घेऊन त्याचा वेगळा उपयोग शोधण्याच्या मताचा होता. आपल्याकडे मुंबईत विशाल गोंडल यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या इंडियागेम्ससारख्या कंपन्यांनी बटणांच्या फोनवर हीच कसरत केली. नोकियाच्या सुरुवातीच्या सीरीज ४० फोनवर अख्खा जावा गेम ६४ केबीत बसवावा लागे. चित्रं, आवाज, नियम, सगळं त्यात. आज व्हॉट्सॲपवर आलेला सुप्रभातचा फोटो याहून मोठा असतो. वर प्रत्येक फोनचा पडदा वेगळा, बटणांचे संकेत वेगळे, म्हणून एका गेमच्या शेकडो आवृत्त्या काढाव्या लागत. त्या आवृत्त्या काढणाऱ्यांची नावं गेमच्या श्रेयनामावलीत शोधून फारशी सापडत नाहीत. महाराष्ट्रानं केलेल्या या कामाचा इतिहास अजून कुणी नीट लिहिलेला नाही, हे जाता जाता नोंदवतो.

आता आटगावचा फोन. स्विच दुबळा असला तरी प्रत्येक स्विच जवळपास सारखा असतो, एकावर चाललं की सगळ्यांवर चालतं. अँड्रॉइडमध्ये चिपा वेगळ्या, मेमरी वेगळी, कंपनीगणिक प्रणालीचा तोंडवळाही वेगळा. मेमरी अपुरी पडली की अँड्रॉइड मागे गेलेलं ॲप गुपचूप बंद करतं. म्हणजे मोक्याच्या क्षणी घरून फोन आला, दोन मिनिटं बोलणं झालं आणि परत आलं तर गेम पहिल्या पाटीपासून सुरू. याला चित्र कमी करणं हा उपाय नव्हे. दर काही क्षणांनी प्रगती नोंदवून ठेवणं आणि परत उघडल्यावर त्याच जागी नेऊन सोडणं हा आहे, आणि ती पुन्हा रचनेची बाब आली. उष्णतेचंही तेच. फोनला पंखा नसतो. तो ठराविक मर्यादेपलीकडे तापला की चिप स्वतःच वेग कमी करते. वातानुकूलित खोलीत तासभर सुरळीत चाललेला गेम मे महिन्यात, पारा चाळिशीच्या घरात असताना, पत्र्याच्या छपराखाली दहा मिनिटांत रडू लागतो. तपासणीच्या यादीत ही खोली असते, ते छप्पर नसतं.

मोठ्या कंपन्यांना हे कळलेलं होतं. पबजी मोबाइलची ‘लाइट’ आवृत्ती भारतात जुलै २०१९ मध्ये आली. तिनं कमी मेमरीच्या फोनांसाठी नुसते पोत पुसट केले नाहीत, तर १०० ऐवजी ६० खेळाडू ठेवले आणि नकाशाही आक्रसला. गरेना या कंपनीचा फ्री फायर मुळातच ५० खेळाडूंचा, दहा मिनिटांच्या डावाचा. तो स्वस्त फोनांवर पसरला तो याच अंगभूत हलकेपणामुळे. मग सप्टेंबर २०२० मध्ये सरकारी बंदीत पबजीबरोबर लाइटही गेली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर बंदी आली तेव्हा त्याची जड आवृत्ती, फ्री फायर मॅक्स, तेवढी उरली. बंदीच्या बऱ्या-वाईटात शिरत नाही. पण तिचा भार कुणावर पडला हे पाहण्याजोगं आहे: चांगल्या फोनवाल्याला पर्याय राहिला, हलक्या फोनवाल्याचाच दरवाजा अरुंद झाला.

यावर पहिला आक्षेप कलेच्या बाजूचा असतो. कलावंतानं दुबळ्या यंत्राकडे पाहून कल्पना का आखडती घ्यायची? आक्षेप पोकळ नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘मॉर्टल कॉम्बॅट १’ स्विचवर आला तेव्हा त्यातल्या निर्जीव चेहऱ्यांची जगभर टिंगल झाली. काही गेम न बसवणंच बरं. पण हे उदाहरण माझ्याच बाजूनं बोलतं, असं मला वाटतं: तो गेम बलदंड यंत्रांच्या पुढच्या पिढीसाठी रचून मग खाली ढकललेला होता. शिवाय मर्यादेत कल्पना आखडते हेच मुळात पटत नाही. दशावतारात मागे खराखुरा राजवाडा उभा नसतो म्हणून राजा थिटा वाटत नाही.

दुसरा आक्षेप काळाचा. यंत्रं दरवर्षी बळकट होतात, मग इतका खटाटोप कशाला? स्विच २ जून २०२५ मध्ये आला, त्यात लहान चित्र हुशारीनं मोठं करणारं डीएलएसएस तंत्र आहे. ते ठिपक्यांचं ओझं उतरवतं हे खरं. शत्रूंच्या हिशेबाचं, मेमरीचं ओझं मात्र तिथेच राहतं. आणि यंत्र बळकट होतं तसा गेमही फुगतो, बॅटरी आणि उष्णता यांची भिंत हलत नाही. व्हॉल्वच्या स्टीम डेक या हातात धरायच्या यंत्रावर जाणते खेळाडू मुद्दाम सेकंदाला ४० चित्रांची मर्यादा घालतात. २५ मिलिसेकंदांचा तो मुक्काम वेळेच्या हिशेबात ३० आणि ६० च्या बरोबर मध्यावर पडतो आणि बॅटरीही वाचते. जुना फोन तर हातातून हातात जात राहतो. २०१७ चा, ५१२ एमबी मेमरीचा जिओफोन बाजारात आला म्हणून त्याआधीचे फोन कुणी विहिरीत टाकले नव्हते.

गेम दूरच्या सर्व्हरवर चालवून फोनवर नुसतं चित्र पाठवायचं, हा क्लाउडचा तोडगा तिसरा. कागदावर तो छान आहे. प्रत्यक्षात बोट दाबल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा वेळ नेटवर्कच्या मर्जीवर जातो, आणि डोंगराआड गाडी शिरली की ती मर्जीही संपते. शिवाय यात तासाला जीबीच्या हिशेबात डेटा जातो. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर खेळणाऱ्याला हे परवडत नाही.

सर्वांत कठीण आक्षेप पैशाचा, आणि त्याचं पुरं उत्तर माझ्याकडे नाही. हलक्या फोनचा खेळाडू गेमसाठी पैसे मोजत नाही, मग त्याच्यासाठी महिने का घालवायचे? अनेकांनी मिळून खेळायच्या फुकट गेमपुरतं उत्तर सरळ आहे: तिथे गर्दी हाच माल, ५० जण जमले नाहीत तर पैसे देणाऱ्यालाही डाव मिळत नाही. पुण्याच्याच सुपरगेमिंगनं ऑक्टोबर २०२४ मध्ये आणलेल्या ‘इंडस’सारख्या गेमला ही गर्दी शहरी फोनांवर पुरेशी मिळणार नाही. एकट्यानं खेळायच्या, गोष्ट सांगणाऱ्या गेमचं गणित मात्र बसत नाही. ‘राजी’लाच २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणी पुरी पडली नव्हती. पुढे त्याला २०२० च्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात नामांकन मिळालं, हिंदी आवाजाची आवृत्ती निघाली, आणि फोनवर तो आला तो नेटफ्लिक्सच्या वर्गणीतून. पुण्याची गोष्ट फोनवर पोचली, पण दार होतं महिन्याच्या वर्गणीचं. वर्गणी घरातल्या एकानं भरली तरी उरलेल्यांचा फोन असा गेम पेलेल का, हा प्रश्न राहतोच. त्याचं उत्तर वर्गणी गोळा करणाऱ्याच्या हातात नाही, कॅमेरा कुठे ठेवायचा हे ठरवणाऱ्याच्या हातात आहे.